एनव्हिडियाचा ड्रायव्हर बदलताना पॅकेजं एकमेकांत अडकली तर

ग्राफिक्स कार्ड चालवणारा एनव्हिडियाचा ड्रायव्हर ५३५ वरून ५८० वर न्यायला कमांड द्यावी आणि एपीटीने, म्हणजे पॅकेजं घालणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रामने, ‘अनमेट डिपेन्डन्सीज’ (सोबत लागणारी पॅकेजं जुळत नाहीत) म्हणून हात वर करावेत, किंवा अर्धं इन्स्टॉल होऊन मध्येच ‘ट्राइंग टू ओव्हरराइट’ असं लाल अक्षरांत यावं, हे उबुंटू लिनक्स वापरणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला कधी ना कधी येतं. कुपवाड एमआयडीसीतलं कॅडचं मशीन असो, साताऱ्यात लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा स्टुडिओ असो, की सांगलीतल्या इंजिनिअरिंगच्या मुलाचा लॅपटॉप, कारण जवळपास नेहमी एकच निघतं: एकाच ड्रायव्हरचे तुकडे दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले असतात. म्हणून कमांडवर कमांड मारत बसण्याआधी कुठलं पॅकेज कुठून आलं ते पाहायचं. तेवढं कळलं की पुढचं काम अर्ध्या तासाचं आहे.

खालच्या कमांड देवनागरीत उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत करायच्या. रेघा, चांदण्या आणि अवतरणचिन्हं जशीच्या तशी ठेवायची.

भांडण कशावरून होतं

‘एनव्हिडिया-ड्रायव्हर-५३५’ हे नाव एका पॅकेजचं दिसत असलं तरी ती फक्त मोळी बांधणारी दोरी आहे. आत दहा-पंधरा पॅकेजं असतात. कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) बसणारं मॉड्यूल वेगळं, चित्र काढणारी ‘लिबएनव्हिडिया-जीएल’ वेगळी, क्युडासाठी (कार्डावर आकडेमोड चालवायची एनव्हिडियाची यंत्रणा) लागणारी ‘लिबएनव्हिडिया-कॉम्प्युट’ वेगळी, कार्डाची स्थिती दाखवणारी ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ही कमांड देणारं ‘एनव्हिडिया-युटिल्स’ आणखी वेगळं. या सगळ्यांची आवृत्ती शेवटच्या आकड्यापर्यंत एकच लागते. मॉड्यूल ५३५.१८३.०१ आणि लायब्ररी दुसऱ्याच आकड्याची, असं चालत नाही.

दुसरी गोष्ट जागेची. ५३५ ची ‘एनव्हिडिया-एसएमआय’ जिथे बसते तिथेच ५८० ची बसायला येते. एपीटीच्या हाताखाली प्रत्यक्ष फाइली मांडणाऱ्या डीपीकेजीच्या हिशेबात एका फाइलचा मालक एकच असतो. एका म्यानात दोन तलवारी मावत नाहीत, म्हणून एक आवृत्ती आली की दुसरी जायला हवी. पॅकेजं एकाच ठिकाणची असतील तर हे आपोआप होतं, कारण बनवणाऱ्याने ‘मी आलो की याला काढा’ असं आत लिहून ठेवलेलं असतं. ठिकाणं दोन झाली की ती चिठ्ठी एकमेकांना लागू पडेलच असं नाही.

अशी ठिकाणं चार. उबुंटूची स्वतःची रेपॉझिटरी (पॅकेजांचं ऑनलाइन कोठार), ‘ग्राफिक्स-ड्रायव्हर्स’ नावाचा पीपीए (मुख्य रेपॉझिटरीबाहेरचं वेगळं कोठार), एनव्हिडियाची क्युडा रेपॉझिटरी आणि एनव्हिडियाच्या साइटवरून उतरवलेली, एपीटीला वगळून स्वतःच ड्रायव्हर बसवणारी ‘डॉट रन’ फाइल. यांतली तिसरी सर्वांत जास्त घोळ घालते. क्युडाच्या सूचनांप्रमाणे चालताना एक ‘पिन’ फाइल उतरवून ‘/ईटीसी/एपीटी/प्रेफरन्सेस.डी’ मध्ये टाकायला सांगतात. ती त्या रेपॉझिटरीला ६०० चं प्राधान्य देते आणि उबुंटूच्या पॅकेजांना असतं ५००. परिणाम असा, की तुम्ही उबुंटूचा ड्रायव्हर मागितला तरी एपीटी काही तुकडे क्युडाकडून उचलू पाहतं. वर ‘क्युडा’ या नावाचं पॅकेज घातलं तर ते ‘क्युडा-ड्रायव्हर्स’ ओढून आणतं आणि न मागता ड्रायव्हर बदलतो. फक्त टूलकिट (क्युडाचे प्रोग्राम बनवायची साधनं) हवं असेल तर ‘क्युडा-टूलकिट-१२-४’ अशा नावाचं पॅकेज घालावं, त्यात ड्रायव्हर येत नाही.

आधी कार्ड ओळखा

‘एलएसपीसीआय -एनएनके’ दिल्यावर व्हीजीए किंवा थ्रीडी कंट्रोलर लिहिलेल्या ओळीत कार्डाचं नाव आणि तिच्या खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ दिसतं. जुन्या मशिनांमध्ये हे पाहणं फार गरजेचं आहे. जीटी ७१० सारख्या केप्लर पिढीच्या कार्डांसाठी ४७० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा (आवृत्त्यांची मालिका). जीटी ७३० घेताना सावध राहावं, त्या नावाखाली केप्लर आणि त्याआधीची फर्मी अशी दोन्ही चिप विकली गेली आहे, आणि फर्मीची शेवटची शाखा ३९०. जीटीएक्स ७५० टीआय, ९०० ची मालिका आणि १०५०, १०६० सारखी पास्कल कार्डं ५८० वर थांबतात. त्यापुढची शाखा घातली तर सगळी पॅकेजं नीट बसतील आणि कार्ड मात्र ओळखलं जाणार नाही. मग लोक पॅकेजांचा दोष शोधत बसतात.

जीटीएक्स १६५० आणि त्यानंतरच्या कार्डांना पुढचे ड्रायव्हर चालतात, आणि ‘-ओपन’ लागलेली ओपन कर्नल मॉड्यूलंही चालतात. आरटीएक्स ५० च्या मालिकेला तर ‘-ओपन’ शिवाय पर्याय नाही. ‘५८०’, ‘५८०-ओपन’, ‘५८०-सर्व्हर’ ही तीन वेगळी कुटुंबं समजा. आकडा सारखा म्हणून एकाची पॅकेजं दुसऱ्यात मिसळायची नाहीत.

‘उबुंटू-ड्रायव्हर्स डिव्हायसेस’ ही कमांड तुमच्या कार्डाला काय चालतं ते सांगते आणि एकापुढे ‘रेकमेंडेड’ लिहिते. खास कारण नसेल तर तीच शाखा घ्यावी. क्युडासाठी बदलत असाल तर एवढं ध्यानात ठेवा: क्युडा १२ ला निदान ५२५ ची शाखा लागते, क्युडा १३ ला ५८०. ‘एनव्हिडिया-एसएमआय’ च्या वरच्या कोपऱ्यात दिसणारी क्युडाची आवृत्ती म्हणजे तो ड्रायव्हर जास्तीत जास्त किती पेलतो ती. मशीनवर बसवलेल्या टूलकिटशी तिचा संबंध नाही.

मशीनवर काय काय आहे

डीपीकेजी -एल | ग्रेप एनव्हिडिया

डाव्या कडेची दोन अक्षरं वाचा. ‘आयआय’ म्हणजे नीट बसलेलं. ‘आरसी’ म्हणजे पॅकेज गेलं पण त्याची सेटिंग राहिली. ‘आययू’ किंवा ‘आयएफ’ दिसलं तर ते अर्धवट अडकलंय. एकाच यादीत दोन शाखांची ‘आयआय’ पॅकेजं असतील तर बहुधा तिथेच पाणी मुरतंय.

मग ‘एपीटी लिस्ट --इन्स्टॉल्ड | ग्रेप एनव्हिडिया’. एखाद्या पॅकेजपुढे ‘लोकल’ लिहिलेलं आलं तर ते सध्याच्या कुठल्याच रेपॉझिटरीत नाही. पीपीए काढून टाकला पण त्याची पॅकेजं तशीच राहिली, किंवा उबुंटू २२.०४ वरून २४.०४ केलं आणि जुनं मागे उरलं, की असं होतं. ही अनाथ पॅकेजं नव्या ड्रायव्हरची वाट अडवतात.

‘एपीटी पॉलिसी एनव्हिडिया-ड्रायव्हर-५८०’ दिलं की प्रत्येक आवृत्ती, तिचा पत्ता आणि ५०० किंवा ६०० हा प्राधान्याचा आकडा दिसतो. ‘कॅन्डिडेट’ च्या ओळीत जी आवृत्ती आहे (एपीटी घालणार ती) ती खालच्या यादीत कुठल्या पत्त्याखाली आहे ते बघा. शेवटी ‘एपीटी-मार्क शोहोल्ड’. कुणीतरी पूर्वी ‘होल्ड’ करून, म्हणजे बदलू नये म्हणून अडवून ठेवलेलं एखादं पॅकेज ‘हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’ चं कारण असू शकतं. असल्यास ‘सुडो एपीटी-मार्क अनहोल्ड’ आणि पॅकेजचं नाव.

‘डॉट रन’ ने बसवलेला ड्रायव्हर यांतल्या एकाही यादीत येत नाही. तो ओळखायची खात्रीची खूण अशी:

डीपीकेजी -एस /यूएसआर/बिन/एनव्हिडिया-एसएमआय

इथला ‘एस’ मोठ्या लिपीतला. फाइल जागेवर आहे पण तिचं पॅकेज सापडत नाही असं उत्तर आलं, तर ती ‘डॉट रन’ चीच. आधी ‘सुडो एनव्हिडिया-अनइन्स्टॉल’ चालवून ती काढायची. हे न करता वरून एपीटीने ड्रायव्हर घातला की दोन्हींच्या लायब्ररी एकमेकांत मिसळतात, आणि असा गुंता सोडवायला सगळ्यांत जास्त वेळ जातो. ज्या मशीनवर एपीटी आहे तिथे ‘डॉट रन’ वापरूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. कर्नल बदलला की पुन्हा बसवावा लागतो आणि काढताना माग राहत नाही.

काढणं

दोन तयाऱ्या आधी करा. पहिली विजेची. एप्रिल-मेमध्ये दुपार उलटली की वळवाचा पाऊस येतो आणि वीज जाते. डीपीकेजी फाइली मांडत असताना मशीन बंद पडलं तर पुढचा तास निस्तरण्यात जातो. यूपीएस नसेल तर हे काम सकाळी करावं, लॅपटॉप असेल तर पूर्ण चार्ज करून. दुसरी तयारी इंटरनेटची. ड्रायव्हर काही शे एमबीचा असतो. जावळीकडे किंवा महाबळेश्वरला मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तो मध्येच तुटू शकतो. म्हणून जुना काढायच्या आधीच नवा उतरवून ठेवा:

सुडो एपीटी-गेट इन्स्टॉल --डाउनलोड-ओन्ली एनव्हिडिया-ड्रायव्हर-५८०

ही कमांडसुद्धा ‘अनमेट’ म्हणून थांबली तर घाबरू नका, जुनी पॅकेजं गेल्याशिवाय तिला हिशेब जुळवता येत नाही एवढंच. अशा वेळी चांगल्या लाइनवर बसून मगच काढायला घ्या. फाइली उतरल्या असतील तर काम संपेपर्यंत ‘एपीटी क्लीन’ देऊ नका.

आता कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून मजकुराच्या कन्सोलवर जा आणि लॉगिन करा. डेस्कटॉपच्या टर्मिनलमधूनही चालतं, पण मध्येच पडदा गेला तर टर्मिनलही जातं. आधी पर्जची, म्हणजे सेटिंगसकट काढण्याची, रंगीत तालीम:

सुडो एपीटी-गेट -एस पर्ज '^एनव्हिडिया-.*' '^लिबएनव्हिडिया-.*' '^लिनक्स-मॉड्यूल्स-एनव्हिडिया-.*'

इथला ‘एस’ छोटा. प्रत्यक्षात काहीच निघत नाही, फक्त यादी येते. ती शांतपणे वाचा. त्यात ‘उबुंटू-डेस्कटॉप’ किंवा ‘जीनोम-शेल’ दिसलं तर थांबा आणि एकेक पॅकेज नावाने काढा. डॉकर वापरत असाल तर ‘एनव्हिडिया-कंटेनर-टूलकिट’ आणि ‘लिबएनव्हिडिया-कंटेनर’ याच जाळ्यात सापडतात, ती नंतर पुन्हा घालावी लागतील हे लिहून ठेवा. अवतरणचिन्हं विसरू नका, नाहीतर चांदणीचा अर्थ शेल स्वतः लावू बघतं. सुरुवातीचं टोपीसारखं चिन्हही हवंच. नव्या ‘एपीटी’ कमांडला टोपीने सुरू न होणारे असे नमुने कळत नाहीत, म्हणून जुन्या लेखांतल्या कमांड कधीकधी काहीच न करता परत येतात.

यादी पटली की ‘-एस’ काढून तीच कमांड खरी चालवा, मागोमाग ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज’. मग पुन्हा डीपीकेजीची यादी. स्टीम किंवा वाइन (विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) असलेल्या मशीनवर ‘लिबएनव्हिडिया-जीएल-५३५:आय३८६’ अशी ३२ बिटची पॅकेजं मागे राहिलेली सापडतात. ती ‘:आय३८६’ सकट पूर्ण नाव देऊन पर्ज करा. हा बारकावा फार जण चुकवतात. ६४ आणि ३२ बिटच्या जोडीची आवृत्ती तंतोतंत सारखी असावी लागते, त्यामुळे एक जुनी ३२ बिटची लायब्ररी नवा अख्खा ड्रायव्हर अडवून धरते.

पर्ज झाल्यावर ‘डीकेएमएस स्टेटस’ बघा. डीकेएमएस म्हणजे कर्नलसाठी मॉड्यूल मशीनवरच बनवणारी व्यवस्था. गेलेल्या आवृत्तीची नोंद उरली असेल तर ‘सुडो डीकेएमएस रिमूव्ह एनव्हिडिया/५३५.१८३.०१ --ऑल’, आकडा तुमच्या यादीतला घालून. ‘/ईटीसी/एक्स११/एक्सऑर्ग.कॉन्फ’ ही जुनी फाइल (‘एक्स११’ मधला ‘एक्स’ मोठ्या लिपीतला) असली तर तिचं नाव बदलून बाजूला ठेवा.

ठिकाण एकच ठेवा

नवा ड्रायव्हर घालण्याआधी कुठून घ्यायचा ते ठरवा आणि बाकीच्या वाटा बंद करा. रोजच्या कामाच्या मशीनला उबुंटूची स्वतःची रेपॉझिटरी उत्तम. पीपीए नको असेल तर ‘सुडो पीपीए-पर्ज पीपीए:ग्राफिक्स-ड्रायव्हर्स/पीपीए’, ती रेपॉझिटरीही काढते आणि तिची पॅकेजं उबुंटूच्या आवृत्तीवर आणते. क्युडाची रेपॉझिटरी टूलकिटसाठी ठेवायची पण तिचा ड्रायव्हर नको असेल, तर ‘/ईटीसी/एपीटी/प्रेफरन्सेस.डी/नो-क्युडा-ड्रायव्हर’ अशी फाइल करून त्यात तीन ओळी लिहा:

पॅकेज: एनव्हिडिया-* लिबएनव्हिडिया-* क्युडा-ड्रायव्हर*
पिन: ओरिजिन डेव्हलपर.डाउनलोड.एनव्हिडिया.कॉम
पिन-प्रायॉरिटी: -१

पहिल्या शब्दांचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीत. फाइलच्या नावाला शेपूट नको, किंवा ‘.प्रेफ’ एवढंच. ‘.टीएक्सटी’ लावलं तर एपीटी ती फाइल वाचतच नाही. नंतर ‘सुडो एपीटी अपडेट’ आणि परत ‘एपीटी पॉलिसी’, कॅन्डिडेट आता उबुंटूच्या पत्त्याचा दिसला पाहिजे.

घालणं

सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल एनव्हिडिया:५८०

थेट ‘एपीटी इन्स्टॉल एनव्हिडिया-ड्रायव्हर-५८०’ पेक्षा ही वाट बरी, कारण ती शक्य तिथे तयार बनवलेली ‘लिनक्स-मॉड्यूल्स-एनव्हिडिया-५८०-जनेरिक’ सारखी पॅकेजं घेते. त्यांवर उबुंटूचीच सही असते, त्यामुळे सिक्युअर बूट (सही नसलेलं काही लोड होऊ न देणारी सोय) चालू असलं तरी अडत नाही आणि मशीनवर काही कंपाइल करावं लागत नाही. मात्र तुमचा कर्नल एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठी दिलेला नवा कर्नल) असेल तर नावातही ‘एचडब्ल्यूई’ असलेलंच पॅकेज लागतं. ते नसेल तर आज चालेल आणि पुढच्या कर्नल अपडेटनंतर ड्रायव्हर गायब होईल.

डीकेएमएसचा मार्ग घेतला तर मॉड्यूल तुमच्या मशीनवर बनतं. त्यासाठी चालू कर्नलचे हेडर्स हवेत: ‘सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-$(यूनेम -आर)’. सिक्युअर बूट चालू असल्यास इन्स्टॉलच्या वेळी एक पासवर्ड मागितला जातो. रीबूट झाल्यावर निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. तो निळा पडदा थोडाच वेळ थांबतो. चुकला तर मॉड्यूल बसलेलं असूनही लोड होत नाही. सिक्युअर बूट चालू आहे का ते ‘एमओकेयुटिल --एसबी-स्टेट’ सांगतं.

शेवटी इनिटरॅमएफएस (मशीन सुरू होताना कर्नलबरोबर लोड होणारी छोटी फाइल-व्यवस्था) ताजी करायला ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल’ आणि रीबूट.

तरीही अडलं तर

‘ट्राइंग टू ओव्हरराइट’ आला की त्याच ओळीत फाइलचं आणि मालक पॅकेजचं नाव असतं. मालक जुन्या शाखेचा असेल तर ‘सुडो डीपीकेजी --पर्ज’ ने त्याला काढा आणि ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ द्या. ‘--फोर्स-ओव्हरराइट’ सगळीकडे सुचवलेला दिसतो. दोन्ही पॅकेजं एनव्हिडियाचीच आहेत आणि जुनं पुढच्याच कमांडला जाणार आहे अशी खात्री असेल तरच तो वापरावा. सवय म्हणून वापरला तर दुखणं पुढच्या अपडेटवर ढकललं जातं. वीज जाऊन काम तुटलं असेल तर आधी ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, मग फिक्स-ब्रोकन, मग इनिटरॅमएफएस, याच क्रमाने.

डीकेएमएसचं बिल्ड फसलं तर ‘/व्हार/लिब/डीकेएमएस/एनव्हिडिया’ खाली त्या आवृत्तीच्या फोल्डरात ‘मेक.लॉग’ असतो. त्यातली पहिली चूक शोधा, शेवटची नव्हे. उबुंटू २२.०४ वर ६.५ किंवा ६.८ चा एचडब्ल्यूई कर्नल असेल आणि लॉगमध्ये ‘-एफट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट’ हा पर्याय ओळखला नाही असं लिहिलं असेल, तर कर्नल जीसीसी-१२ ने बनलाय आणि तुमच्याकडे जीसीसी-११ आहे. ‘सुडो एपीटी इन्स्टॉल जीसीसी-१२’ करून पुन्हा बिल्ड करा. ४७० ची शाखा नव्या कर्नलवर बनत नसेल तर ड्रायव्हरशी झगडण्यापेक्षा जुना एलटीएस (दीर्घकाळ सांभाळला जाणारा) कर्नल ठेवणं शहाणपणाचं.

‘नो स्पेस लेफ्ट’ आलं तर ‘डीएफ -एच /बूट’. बूटचं पार्टिशन जुन्या कर्नलांनी भरलेलं असतं. ऑटोरिमूव्हने ते काढा, चालू आणि त्याच्या आधीचा असे दोन ठेवा.

‘ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच’ हा सर्वांत घाबरवणारा आणि सर्वांत सोपा दोष. लायब्ररी नवी बसली, स्मृतीतलं मॉड्यूल जुनंच आहे. ‘कॅट /प्रॉक/ड्रायव्हर/एनव्हिडिया/व्हर्जन’ मध्ये जुना आकडा दिसेल. रीबूट करा, बस. रीबूटनंतरही तोच आकडा राहिला तर इनिटरॅमएफएसमध्ये जुनं मॉड्यूल अडकलंय किंवा डीकेएमएसची जुनी नोंद उरली आहे.

पडदा काळाच राहिला तर ग्रबसाठी (कर्नल निवडायच्या मेनूसाठी) मशीन सुरू होताना युईएफआय मशीनवर एस्केप, जुन्या बायोसवर शिफ्ट दाबा. ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ मधून आधीचा कर्नल निवडून बघा. तोही चालला नाही तर ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ लिहा आणि एफ१० दाबा. एवढ्याने कन्सोल मिळतो आणि वरची सगळी कामं तिथून करता येतात.

डेबियनवर उबुंटूचा पीपीए कधीही जोडू नका, ‘नॉन-फ्री’ चालू करून तिथलंच ‘एनव्हिडिया-ड्रायव्हर’ घ्या. फेडोरावर आरपीएम फ्यूजनचं ‘एकेमॉड-एनव्हिडिया’ घातल्यावर लगेच रीबूट करू नका, मॉड्यूल मागे बनत असतं. ‘मॉडइन्फो -एफ व्हर्जन एनव्हिडिया’ ने आकडा दिला की मगच, आणि तिथला ‘एफ’ मोठा. आर्चवर अर्धवट अपडेट टाळा, कर्नल आणि ड्रायव्हर नेहमी बरोबर.

कॉलेजच्या लॅबसाठी दोन गोष्टी. एका मशीनवर ‘एपीटी-कॅशर-एनजी’ बसवून बाकीच्यांना त्याच्या ३१४२ या पोर्टवर वळवलं, की ड्रायव्हर इंटरनेटवरून एकदाच उतरतो आणि सगळ्या मशिनांवर नेमकी तीच आवृत्ती जाते. आणि आपोआप होणाऱ्या अपडेटमुळे प्रॅक्टिकलच्या मधोमध मिसमॅच येऊ नये म्हणून ‘/ईटीसी/एपीटी/एपीटी.कॉन्फ.डी/५०अनअटेंडेड-अपग्रेड्स’ मधल्या ‘पॅकेज-ब्लॅकलिस्ट’ मध्ये "एनव्हिडिया-"; आणि "लिबएनव्हिडिया-"; या दोन ओळी घाला, तयार मॉड्यूलं वापरत असाल तर "लिनक्स-मॉड्यूल्स-एनव्हिडिया-"; ही तिसरी. होल्डपेक्षा हे बरं, कारण हाताने अपडेट करताना आडवं येत नाही. मात्र सुरक्षेचे बदलही त्यामुळे थांबतात, तेव्हा सत्र संपलं की सुट्टीत एका मशीनवर अपडेट करून चार दिवस चालवून बघा, मग बाकीच्यांवर.